बिनआवाजाचं पाणी

आमच्या घरमालकांकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला ते बसा म्हणत नसत. आधी त्याला ऐकायला लावत.

"चपला तिथी राहू द्या. या इकडं. कान लावा."

समोरच्या खोलीत लोखंडी स्टँडवर माशांची भली मोठी काचेची टाकी होती आणि टाकीखाली लाकडी कपाट. कान त्या कपाटाला लावायचा. लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस असो की गॅसचं सिलिंडर आणणारा, तो बिचारा उकिडवा बसून कान लावायचा आणि घरमालक कमरेवर हात ठेवून त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहायचे.

"काय आयकू येते?"

"काहीच नाई, भाऊ."

"तेच आयकाचं होतं," असं म्हणून ते खूश व्हायचे आणि मग कुठं त्या माणसाला खुर्ची मिळायची. सुपारी मिळायची, बडीशेप मिळायची. पाणी मात्र मिळायचं नाही.

मी आरमोरीची. आमच्या भागात दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात, मग तू कोण नि कशाला आलास ते विचारतात. अहेरीच्या एका शाळेत नोकरी लागली म्हणून मी खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा ऊन टळटळीत होतं आणि जीभ टाळूला चिकटली होती. कपाटाला कान लावून झाला, सुपारी झाली, खोलीही मिळाली. पण पाणी विचारलं नाही ते नाहीच. माणूस विक्षिप्त असला तरी चालेल, पण पाण्याला कंजूष असू नये, असं त्या दिवशी माझ्या मनात आलं. गल्लीचंही तेच मत होतं.

सगळे त्यांना भाऊ म्हणत आणि त्यांच्या बायकोला बाई. मीही तसंच म्हणायला लागले. भाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून कोणती गाडी आली आणि कोणती लागली हे भोंग्यावर सांगणारा जो माणूस असतो, तो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज भोंग्यातलाच राहिला होता. "बाई, भाजी लागली आहे," असं ते घरातल्या घरात सांगत. त्यांचं सगळ्या गोष्टींवर एकच म्हणणं असे, "आलं तेवढं गेलं पायजे." स्टँडवर आल्या तेवढ्या गाड्या गेल्या पाहिजेत, नाहीतर स्टँड तुंबतो. शाळेत आली तेवढी पोरं पुढच्या वर्गात गेली पाहिजेत. पाहुणे तर गेलेच पाहिजेत.

टाकीचं तत्त्वही तेच होतं, आणि ते त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं की मी ते झोपेत सांगेन. वरच्या टाकीच्या कोपऱ्यातून पाणी एका नळीनं कपाटातल्या खालच्या टाकीत उतरतं. तिथं ते स्पंजातून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप चढवतो तेवढंच नळीतून उतरलं पाहिजे. उतरणारं कमी पडलं तर वरची टाकी काठावरून सांडते. नळी जास्तच मोकळी असली तर ती पाण्याबरोबर हवा ओढते आणि बोलायला लागते. आधी गुळगुळ, मग घळघळ, आणि मधूनच कुणीतरी मोठा घोट घ्यावा तसा आवाज. म्हणून नळीवर एक कॉक होता. तो नेमका तेवढाच उघडा ठेवला की नळी काठोकाठ भरून वाहते आणि कसलाही आवाज येत नाही.

हे सगळं ठीक होतं, पण अहेरीच्या विजेला हे तत्त्व कोण सांगणार? संध्याकाळी गावभर दिवे लागले की व्होल्टेज पडायचं, पंप ढिला व्हायचा आणि नळी गुळगुळायची. भाऊ तोंडातला घास तसाच ठेवून उठायचे, कपाटात हात घालून कॉक केसभर फिरवायचे आणि परत येऊन घास चावायचे. थोड्या वेळानं व्होल्टेज चढलं की पुन्हा उठायचे. त्यांचं जेवण म्हणजे उठाबशाच असत.

रविवारी तर आणखीच गंमत. लाइट गेली की पंप थांबतो आणि वरचं थोडं पाणी खाली येतं, ते खालच्या टाकीत मावलं पाहिजे. मावतं की नाही हे पाहायला भाऊ रविवारी सकाळी स्वतःच मेन स्विच पाडायचे. खालच्या टाकीच्या काचेवर बाईंच्या नेलपॉलिशनं ओढलेली एक लाल रेघ होती. पंप चालू असताना पाणी त्या रेघेच्या वर दिसता कामा नये. शेजारी म्हणायचे, "वीजवाले आठवडाभर लाइन घालवतात, यायले तेवढ्यानं पुरत नाई." बाईंची मालिका बंद पडलेली असायची. त्या पदरानं वारा घेत टाकीतल्या माशांकडे पाहत बसायच्या. मासे तरी कसले, चंद्रपूरहून आणलेले थोडे सोनेरी आणि बाकीचे नदीतले बारीकसारीक, ज्यांना बाजारात कुणी नावानं मागत नाही.

भाऊंबद्दल गल्लीत आणखी एक गोष्ट बोलली जायची. ते चोरून पितात. न्हाणीघराच्या मागं, भिंत आणि पेरूचं झाड यांच्या मधल्या बोळात, दिवसातून कितीतरी वेळा. आमच्याकडे मोहाची घेणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही, पण मग चोरून काऊन घ्यायची, यावर शेजारच्या बाया चर्चा करायच्या. मीही पाहिलं होतं. जेवण झालं की भाऊ इकडेतिकडे बघत मागच्या दारानं बाहेर पडायचे, बोळात शिरायचे आणि तोंड पुसत परत यायचे. आल्यावर बाईंकडे पाहायचे नाहीत. मला बाईंची दया यायची.

एकदा मी कपडे वाळत घालायला मागं गेले आणि बोळात डोकावले. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते. एका कोनाड्यात माठ होता, आणि ते तांब्या वर धरून पीत होते. ते पाणीच होतं. घाईघाईनं, श्वासही न घेता, मास्तर येण्याआधी पोरगं बिडी ओढतं तसं. मला पाहून त्यांनी तांब्या पाठीमागं लपवला.

"मॅडम, घरात बोलू नोका," ते म्हणाले.

मी काय बोलणार होते? मला काही कळलंच नव्हतं.

कळलं ते बाईंकडून. त्या पायरीवर लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या, मी शेजारी बसले. त्यांचे पाय सुजलेले मी रोज पाहत होते, वयाचे असतील असं समजत होते.

"मले पाणी मोजून हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "किडन्या बसल्या ना माह्या. पेलेलं बाह्यर निंघतच नाई, अंगातच रायते. म्हणून चंद्रपूरले जा लागते मशीनवर. ते पाणी काढते, रक्त धुते." मग डाळीतला खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "सकाळी हे मले एक लहान लोटा भरून देते. त्यात दिवस काढाचा. चहा, औषध, सारं त्यातच."

"मग टाकी कायले ठेवली घरात? दिवसभर डोळ्यासमोर पाणी."

"मीच ठेवा म्हटलं." त्या हसल्या. "पाह्यलं का थंड वाटते. आयकलं का गळा सुकते."

त्यानंतर मला ते घर वेगळंच दिसायला लागलं. भाऊंनी त्या घरात पाण्याचा आवाज म्हणून शिल्लक ठेवला नव्हता. प्रत्येक नळाच्या तोंडाला एक चिंधी बांधलेली होती, धार चिंधीवरून गुपचूप खाली उतरायची. माठ घरातून काढून त्या बोळात नेला होता. भांडी बाई झोपल्यावर मागच्या अंगणात घासली जायची. शेजारचा माणूस पाइप लावून मोटरसायकल धुवायचा, त्याच्याशी भाऊ पुरते भांडले होते, आणि तो गावभर सांगत फिरायचा की म्हाताऱ्याला स्वतःचं पाणी देववत नाही आणि दुसऱ्याचं पाहवत नाही. पाहुण्याला पाणी का नाही, तर पाहुणा घटाघटा पितो आणि बाई समोर बसलेल्या असतात. हे एकदा बोलून टाकलं असतं तर सगळी गल्ली समजली असती. पण आपल्या बायकोला तहान लागते हे त्यांना चारचौघांत सांगायचं नव्हतं. त्यापेक्षा कंजूष म्हणवून घेणं त्यांना सोपं वाटलं.

टाकीचं वेड चंद्रपूरलाच लागलं होतं. आठवड्यात ठरलेल्या दिवशी दोघं पहाटेच्या गाडीनं निघायची, त्याच गाडीनं जिची हाळी भाऊंनी आयुष्यभर दिली होती. आत बाईंचं रक्त मशीनमधून फिरायचं आणि भाऊंना बाहेर बसवत नसे. जवळच एक माशांचं दुकान होतं. तिथं ते नळ्या, पंप आणि पाणी पाहत तासन्तास उभे राहायचे. दुकानदारानं कंटाळून त्यांना स्टूल दिलं आणि शेवटी विद्याही दिली. मला वाटतं, आत जे चाललं होतं ते भाऊंना कळत नव्हतं आणि त्यात त्यांना हातही घालता येत नव्हता. इथं निदान एक कॉक होता.

बाईंना मात्र चंद्रपूरला जायचं आवडायचं. कारण मशीनवर असताना त्यांना पूर्ण कप चहा पिता यायचा. पाणी लगेच निघून जातं, म्हणून तिथं चालतं. "पूर्ण कप, पोरी. काठापावेतर," असं सांगताना त्यांचा चेहरा लग्नाला निघालेल्या बाईसारखा व्हायचा. त्या चहासाठी त्या इतका मोठा प्रवास करतात, असं मी एकदा चेष्टेत म्हटलं, तर त्या खरंच हो म्हणाल्या.

भाऊ त्यांच्या बाबतीत कडक होते. मी त्यांना दुष्टही म्हटलं असतं, जर माहीत नसतं तर. फार तहान लागली की बाईंना चूळ भरायची परवानगी होती, पण भाऊ शेजारी उभे राहायचे. चूळ टाकली की विचारायचे, "सारं टाकलं ना? आलं तेवढं गेलं पायजे." एकदा बाई तोंडातलं पाणी तसंच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. गाल फुगलेले, डोळ्यांत खट्याळपणा. भाऊ घाबरले. "अवं, टाक. टाक ना." बाईंनी खूप वेळ धरलं आणि मग सगळं टाकलं. हसल्या. भाऊ नाही हसले, ते आत जाऊन कपाट उघडून कॉकला हात लावून बसले.

त्या दोघांची एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मे महिना होता, आणि अहेरीचा मे म्हणजे बोलायची सोय नाही. व्होल्टेज सकाळपासून नाचत होतं. क्षणात पंखा सुसाट, क्षणात पाती मोजता येतील असा. कॉक एका जागी ठेवून भागत नव्हतं, नळी सारखी घोट घेत होती, आणि बाई पदराचा बोळा कानाशी धरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा लोटा केव्हाच संपला होता. ओठांवर साली निघाल्या होत्या.

"पंप बंद करा ना, भाऊ," मी म्हटलं.

"मासे मरन," हे बाई म्हणाल्या. भाऊ नाही. "या गरमीत पाणी उभं राह्यलं का मरते ते. राहू दे, पोरी."

मग भाऊ कपाटासमोर मांडी घालून बसले आणि कॉक हातातच धरून ठेवला. पंख्याकडे पाहायचं, पंखा मंदावला की कॉक आवळायचा, पंखा पळाला की सोडायचा. संपूर्ण दुपार. हात भरून आला तर दुसरा हात. घाम नाकाच्या शेंड्यावरून टपकत होता आणि नळीतून आवाज येत नव्हता. थोड्या वेळानं बाई सरकत सरकत त्यांच्या मागं येऊन बसल्या आणि विंझण्यानं त्यांना वारा घालायला लागल्या. मी माझ्या खोलीत निघून आले, कारण तिथं थांबणं बरं दिसत नव्हतं.

बाई गेल्या त्या हिवाळ्यात.

चंद्रपूरला जायचाच दिवस होता. आताशा बसचा प्रवास त्यांना झेपत नव्हता, म्हणून भाऊंनी गाडी सांगितली होती. मी फाटकापर्यंत सोडायला गेले. गाडीत बसताना बाई म्हणाल्या, "घोटभर पाणी द्या ना जी. आज गळ्याले कसंतरीच होऊन राह्यलं."

"आता नोको. छातीत भरन," भाऊ म्हणाले. "मशीनवर बसली का चहा देतो न तुले. पूर्ण कप."

"हाव," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. हे मी पुढं भाऊंना पुष्कळदा सांगितलं.

आष्टीचा पूल ओलांडला तोवर त्या बोलत होत्या. पुलावर त्यांनी काच खाली करायला लावली आणि वैनगंगेचं पाणी पाहिलं. पुढं थोड्या वेळात मान कलली. चंद्रपूर यायचं होतं. गाडी तिथूनच परत फिरली.

दुपारी बाईंना समोरच्या खोलीत, टाकीसमोर ठेवलं. त्यांची मुलगी हैदराबादला असायची, ती तिथून निघाली होती, तिची वाट पाहायची होती. गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या. आमच्याकडे मढं उचलण्याआधी घरच्यांनी, सोयऱ्यांनी एकेक करून तोंडात पाणी घालायची रीत आहे. कुणीतरी पितळी वाटीत पाणी आणलं, त्यात तुळशीचं पान टाकलं. शेजारच्या म्हाताऱ्या आजीनं पहिलं पाणी घातलं. मग दुसरीनं. मग त्या मोटरसायकलवाल्याच्या बायकोनं. चमच्यातलं पाणी ओठांवरून गळ्याकडे ओघळत होतं आणि सगळ्या खोलीत फक्त हुंदके होते.

भाऊ भिंतीशी उभे होते. त्यांची नजर वाटीवर होती. मोटरसायकलवाल्याच्या बायकोनं रडत रडत दुसऱ्यांदा चमचा भरला, तेव्हा भाऊ एकदम पुढं आले, तिचा हात धरला आणि म्हणाले, "पुरे. पुरे आता. जास्त नोका देऊ तिले."

गल्लीला तेव्हाही काही माहीत नव्हतं. आजी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहायला लागली की या माणसानं मेलेल्या बायकोलाही पाणी मोजून द्यावं! भाऊ मोटरसायकलवाल्याच्या बायकोचा हात धरून तसेच उभे होते. आपण काय बोललो हे त्यांना हळूहळू समजत गेलं, आणि ते समजताना मी त्यांचा चेहरा पाहत होते. मला तो पाहवला नाही.

मग ते मागच्या दारानं बाहेर गेले. आले ते बोळातला मोठा तांब्या काठोकाठ भरून. खाली बसले, बाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी घालायला लागले. चमचा नाही, थेट तांब्यानं. पाणी गालांवरून, केसांतून, नव्या लुगड्यावरून वाहत जमिनीवर आलं. "पे," ते म्हणत होते. "पे वं. पे." तांब्या रिकामा होईपर्यंत कुणी त्यांना अडवलं नाही. मीच बायांना सगळं सांगितलं, तिथंच, पाण्यात बसून. मग रडण्याला वेगळा आवाज आला.

त्यानंतर माझी बदली एटापल्लीला झाली. पुष्कळ दिवस जाणं झालं नाही. मध्यंतरी आरमोरीला घरी जाताना आलापल्लीहून वाट वाकडी करून अहेरीला उतरले. फाटक लोटलं आणि पायरीपर्यंत पोचायच्या आधीच तो आवाज ऐकू आला. गुळगुळ, घळघळ, आणि मधेच मोठा घोट. मला वाटलं भाऊ घरात नाहीत. पण ते समोरच टाकीजवळ खुर्चीत बसले होते. वाळले होते. मासे होते तसे फिरत होते. नळांच्या चिंध्या सोडलेल्या दिसल्या. न्हाणीघरात बादलीत उघडी धार पडत होती.

त्यांनी मला कपाटाला कान लावायला सांगितलं नाही.

"भाऊ, नळी बोलून राह्यली," मी म्हटलं. "कॉक पाहू का जरा?"

"पूर्ण सोडला मी तो. बोलू दे तिले." ते उठले. "आता इथी कोणाले तहान लागते."

आतून ते तांब्या आणि पेला घेऊन आले. पेला माझ्या हातात दिला आणि काठापर्यंत भरला, इतका की माझ्या बोटांवरून पाणी सांडलं. मला तहान नव्हती. स्टँडवरच मी बाटलीभर पाणी प्याले होते. तरी प्याले. मी पीत असताना भाऊ माझ्या गळ्याकडे पाहत होते, घोट खाली उतरताना दिसतो तिथं. पेला रिकामा झाला तसा त्यांनी तांब्या पुन्हा वाकवला. पोट तुडुंब भरलं होतं. पुरे, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि पेला पुढं केला.